संयुगाचा परिणाम की आजारी उंदीर? वर्तन आणि शरीरक्रियेच्या चाचण्या पायरीपायरीने

नवं संयुग टोचलं आणि माऊस ओपन फील्ड नावाच्या रिकाम्या, उघड्या चौकोनात नेहमीपेक्षा कमी फिरला. याचे निदान सहा अर्थ निघतात. त्याला गुंगी आली असेल, भीती वाढली असेल, टोचलेल्या द्रावणाने पोटात आग होत असेल, अंग थंड पडलं असेल, मळमळत असेल, नाहीतर स्नायू ढिले पडले असतील. वरच्या कॅमेऱ्याला यातलं काहीच कळत नाही, तो फक्त सेंटिमीटर मोजतो. त्यामुळे वर्तनाची चाचणी कशी करायची यापेक्षा तिच्या आधी आणि तिच्या बरोबर काय मोजायचं, हाच या कामातला अवघड भाग आहे. लेखाचा रोख त्यावरच आहे.

इथे माऊस म्हणजे २० ते ३० ग्रॅमचा लहान प्राणी आणि रॅट म्हणजे २०० ते ३०० ग्रॅमचा मोठा. दोघांचे डोस, उपकरणं आणि सवयी वेगळ्या असल्याने दोघांना सरसकट उंदीर म्हणून चालत नाही.

आराखडा: प्राणी मागवण्याआधी

प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी परवानगी लागते. तो अर्ज नीट लिहिला तर अर्धा आराखडा आपोआप तयार होतो, कारण समिती नेमकं तेच विचारते: प्राणी किती, तितकेच का, दुसरा मार्ग का नाही, प्रयोग कुठे थांबवणार. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली पर्याय, कपात आणि सुधारणा ही त्रिसूत्री त्याच प्रश्नांच्या मुळाशी आहे.

मुख्य मोजमाप एकच ठरवा आणि आधीच लिहून ठेवा. दहा गोष्टी मोजून जिच्यात फरक दिसेल ती मुख्य म्हणायची, हा प्रकार आकडेशास्त्राच्या कुठल्याही चाळणीतून निसटतो आणि पुढच्या प्रयोगात तोंडघशी पाडतो.

साधारण मांडणी पाच ग्रुपची असते: नुसतं व्हेइकल (संयुग न घातलेलं द्रावण), कमी, मध्यम आणि जास्त डोस, आणि ज्ञात औषधाचा पॉझिटिव्ह कंट्रोल. पॉझिटिव्ह कंट्रोल गाळायचा मोह होतो, प्राणी वाचतात म्हणून. पण नव्या संयुगाने काहीच दिसलं नाही तर संयुग निकामी की तुमची चाचणी निकामी, हे त्याच्याशिवाय सांगताच येत नाही. मग सगळा प्रयोग पुन्हा करावा लागतो आणि वाचवल्यापेक्षा जास्त प्राणी खर्ची पडतात.

ग्रुपमध्ये किती प्राणी? सरासरीतला फरक एका प्रमाण विचलनाएवढा (आकड्यांच्या पसाऱ्याच्या मापाएवढा) असेल, ८० टक्के पॉवर (खरा फरक पकडला जाण्याची शक्यता) आणि ०.०५ ची दुबाजू पातळी (नसलेला फरक दिसण्याचा धोका) धरली, तर दोन ग्रुपच्या तुलनेला प्रत्येकी १७ लागतात. फरक ०.८ विचलनाचा असेल तर २६. वर्तनाच्या चाचण्यांत प्राण्याप्राण्यांतली तफावत मोठी असते, त्यामुळे सवयीने घेतलेले सहा-सहाचे ग्रुप फक्त ढोबळ परिणाम पकडतात.

विभागणी यादृच्छिकच हवी. पिंजऱ्यात हात घालून जो आधी सापडला तो पहिल्या ग्रुपचा, ही यादृच्छिकता नव्हे. आधी हाताला लागणारा प्राणी बहुधा सुस्त किंवा निर्भय असतो. एका पिंजऱ्यात सगळा एकच ग्रुप ठेवला तर पिंजऱ्याचा परिणाम आणि डोसचा परिणाम एकमेकांत मिसळतात. उलट एकाच पिंजऱ्यात सगळे डोस मिसळले तरी एक खोच आहे. उंदीर स्वतःच्या आणि एकमेकांच्या लेंड्या खातात. संयुग विष्ठेतून न बदलता बाहेर पडत असेल तर व्हेइकलच्या माऊसलाही थोडा डोस मिळतो. एकदाच डोस द्यायचा असेल तर मिश्र पिंजरा बरा. अनेक दिवस द्यायचा असेल तर पिंजरानिहाय ग्रुप करा आणि मग पिंजऱ्यालाच प्रायोगिक एकक धरा, म्हणजे आकडेमोडीत एक पिंजरा हे एकच निरीक्षण.

डोस देणारा आणि निरीक्षण नोंदवणारा, दोघांनाही कुठल्या बाटलीत काय आहे हे कळता कामा नये. तिसऱ्या व्यक्तीने बाटल्यांना कोड द्यावेत. द्रावणाला रंग असेल तर सिरिंजवर अपारदर्शक पट्टी लावा.

प्राणी: जात, खोली, हाताळणी

जात निवडताना डोळे आणि कान आधी तपासा. सी३एच आणि एफव्हीबी माइसमध्ये डोळ्याच्या पडद्याचा ऱ्हास करणारं आरडी१ हे उत्परिवर्तन असतं, म्हणजे खुणा बघून वाट शोधायच्या चाचणीत ते बिनकामाचे. डीबीए/२ ची श्रवणशक्ती लहान वयातच जाते. सी५७बीएल/६ चीही वयाबरोबर कमी होते, त्यामुळे वयस्क प्राण्यांत आवाजाला दचकण्याची चाचणी करताना जपून. बाल्ब/सी स्वभावतः घाबरट असतो. भीती कमी करणारं संयुग त्याच्यात दिसायला सोपं जातं, भीती वाढवणारं मात्र दिसणारच नाही, कारण आकडा आधीच तळाला असतो.

नर-मादी दोन्ही घ्या. मादीचं चार-पाच दिवसांचं ऋतुचक्र आकडे बिघडवतं ही समजूत खोलवर रुजली आहे, पण एकत्रित अभ्यासांत माद्यांमधली तफावत नरांपेक्षा जास्त आढळलेली नाही. फक्त एकाच दिवशी एकाच उपकरणात दोघांची चाचणी करायची असेल तर मध्ये उपकरण नीट धुवा.

प्रवासातून आलेल्या प्राण्यांना किमान सात दिवस स्थिरावू द्या. खोली २० ते २४ अंश से., आर्द्रता ४५ ते ६५ टक्के, १२ तास उजेड आणि १२ तास अंधार. हे तापमान आपल्याला सुखाचं आहे, माऊसला नाही. त्याला चयापचय न वाढवता सुखाने राहायला साधारण ३० अंश लागतात. म्हणून घरट्यासाठी कागदाचे तुकडे किंवा कापूस द्या, नाहीतर तो सतत ऊब तयार करण्यातच गुंतलेला असतो आणि चयापचयावर काम करणाऱ्या संयुगाचा निकाल वाकडा लागतो.

माऊसला शेपटीला धरून उचलू नका. ओंजळीत किंवा प्लॅस्टिकच्या नळीत घेऊन उचललेले माइस शेपटीने उचललेल्यांपेक्षा कमी घाबरतात, हे २०१० मध्ये हर्स्ट आणि वेस्ट यांनी दाखवलं. चाचणीआधीचे तीन ते पाच दिवस, रोज दोन मिनिटं, ज्याच्या हातून डोस दिला जाणार त्यानेच हाताळणी करावी. माणूसही मोजमापाचा भाग असतो: पुरुष निरीक्षकाच्या नुसत्या वासाने माइसचा ताण वाढून वेदनेची प्रतिक्रिया दबते, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. प्रयोगाच्या मधोमध माणूस बदलू नये, आणि बदलावाच लागला तर कुठल्या प्राण्यापासून बदलला हे नोंदवावं.

द्रावण आणि डोसचा हिशेब

चुका सर्वांत जास्त इथे होतात आणि सर्वांत उशिरा कळतात. पहिला प्रश्न: बाटलीतलं संयुग मूळ रूपात आहे की क्षार रूपात (सॉल्ट, म्हणजे आम्लाशी जोडलेलं)? फ्लुओक्सेटिनचं उदाहरण घेऊ. मूळ रेणूचा भार ३०९.३, हायड्रोक्लोराइडचा ३४५.८. गुणक १.११८. म्हणजे मूळ रूपाचे १० मिग्रॅ/किग्रॅ द्यायचे तर क्षाराचे ११.१८ मिग्रॅ/किग्रॅ तोलावे लागतात. इथे फरक बारा टक्क्यांचा आहे, पण क्षारात जड आम्ल किंवा स्फटिकजल असेल तर तो कितीतरी मोठा होतो. अहवालात डोस कुठल्या रूपाचा आहे ते लिहिलंच पाहिजे.

आकारमान सगळ्या ग्रुपना सारखं ठेवा आणि तीव्रता बदला. माऊसला १० मिली/किग्रॅ हा हिशेबाला सोपा आकडा आहे: २५ ग्रॅमच्या माऊसला ०.२५ मिली, २८ ग्रॅमच्या माऊसला ०.२८. या आकारमानात १० मिग्रॅ/किग्रॅ डोससाठी द्रावण १ मिग्रॅ/मिली. बारा माइसना जास्तीत जास्त ३.४ मिली लागेल. सुईत आणि बाटलीच्या तळाशी राहणारं धरून ५ मिली करा. म्हणजे वरच्या क्षाराचे ५.६ मिग्रॅ. इतकं कमी वजन साध्या तराजूवर भरवशाचं येत नाही. त्यामुळे सर्वांत जास्त डोसचं द्रावण आधी करा आणि त्यातून खाली या. ३० मिग्रॅ/किग्रॅसाठी ३ मिग्रॅ/मिली; त्याचा एक भाग आणि व्हेइकलचे दोन भाग मिळून १ मिग्रॅ/मिली; त्याचे तीन भाग आणि व्हेइकलचे सात मिळून ०.३ मिग्रॅ/मिली. पातळ करायला त्याच मिश्रणाचं व्हेइकल वापरा. नुसतं सलाइन घातलं तर डीएमएसओचं (संयुग विरघळवणाऱ्या द्रावकाचं) प्रमाणही डोसबरोबर बदलतं आणि दिसलेला परिणाम कोणाचा हे सांगता येत नाही.

व्हेइकलमध्ये पहिली पसंती ०.९ टक्के सलाइनला. विरघळत नसेल तर ५ टक्क्यांपर्यंत डीएमएसओ आणि तेवढंच ट्वीन ८०, किंवा हायड्रॉक्सिप्रोपिल बीटा सायक्लोडेक्स्ट्रिनचं २० टक्के द्रावण. तोंडावाटे द्यायचं असेल तर ०.५ टक्के मिथाइलसेल्युलोजमध्ये निलंबन चालतं, पण ते दर माऊसआधी हलवायला हवं. न हलवलेल्या निलंबनात प्रत्येक माऊसला वेगळाच डोस जातो. डीएमएसओ निष्क्रिय समजू नका; जास्त प्रमाणात ते स्वतःच हालचाल आणि वेदनेवर परिणाम करतं. पोटात टोचायच्या द्रावणाचा पीएच शक्यतो ६ ते ८ मध्ये आणा. आम्लयुक्त द्रावण टोचलेला माऊस पोट ताणतो, जमिनीला चिकटून बसतो, आणि कॅमेऱ्याच्या नोंदीत ते गुंगी म्हणून जातं.

मग कुठल्या डोसपासून सुरुवात करायची? आधीची काहीच माहिती नसेल तर १, ३, १०, ३० अशी अर्ध्या लॉगची (दर पायरीला साधारण तिप्पट) शिडी. रॅटमधला डोस माहीत असेल तर शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने माऊसला मिग्रॅ/किग्रॅमध्ये साधारण दुप्पट लागतो, कारण रूपांतराचा गुणांक माऊसचा ३ आणि रॅटचा ६ धरतात. माणसाचा ३७. म्हणजे माणसाच्या डोसला १२.३ ने गुणलं की माऊसचा अंदाज येतो. हा अंदाजच; यकृतातलं विघटन या भागाकाराला विचारून चालत नाही.

डोस देणं

पोटात टोचताना माऊसला २५ ते २७ गेजची सुई, रॅटला २३ ते २५ (गेजचा आकडा मोठा तितकी सुई बारीक). प्राण्याचं डोकं किंचित खाली करा म्हणजे आतडी पुढे सरकतात. पोटाचा उजवा खालचा भाग निवडा, कारण मोठ्या आतड्याची सीकम ही पिशवी बहुधा डावीकडे असते. मधल्या रेषेवर मूत्राशय आहे, ती टाळा. सुई ३० ते ४५ अंशांत आत गेली की दट्ट्या हलका मागे ओढा. काही आलं नाही तर हळू सोडा. पिवळं, हिरवट किंवा लाल आलं तर ती सिरिंज टाकून द्या आणि त्या प्राण्याची नोंद करा. टोचल्यावर त्वचेखाली फुगवटा दिसला तर द्रावण पोटात गेलंच नाही. कसलेल्या हातांकडूनही काही डोस आतड्यात किंवा चरबीत जातात. ग्रुपमध्ये एखादाच प्राणी विचित्रपणे निर्विकार राहिला तर पहिला संशय यावर घ्या.

तोंडावाटे देताना गोल टोकाची सुई: माऊसला २० गेज, रॅटला १६ ते १८. तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंतचं अंतर बाहेरून मोजून सुईवर खूण करा. सुई आपल्या वजनाने उतरली पाहिजे. अडली की थांबा, ढकलू नका. नाकातून द्रव आला किंवा प्राणी खोकला तर ते श्वासनलिकेत जातंय. लगेच बाहेर काढा. अन्ननलिकेला ओरखडा गेलेला प्राणी दोन दिवस कमी खातो आणि संयुगाने भूक मारली असा भास होतो.

प्रत्येक प्राण्याला नवी सुई. डोसचं वजन त्याच दिवशी सकाळचं, मागच्या आठवड्याचं नव्हे.

पहिली नजर: अर्विन पद्धतीची तपासणी

सॅम्युएल अर्विन यांनी १९६८ मध्ये माइससाठी मांडलेली निरीक्षणाची यादी आजही सुरक्षेच्या चाचण्यांचा पाया आहे. औषधांच्या सुरक्षा-औषधशास्त्राची आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेची एस७ए ही मार्गदर्शिका मज्जासंस्था, हृदयाभिसरण आणि श्वसन या तिन्हींची प्राथमिक तपासणी मागते, आणि मज्जासंस्थेसाठी हीच यादी किंवा तिचा सुधारलेला अवतार वापरतात. महागड्या उपकरणांच्या मागे लागून ही पायरी गाळणारे पुढे सगळ्यात जास्त गोंधळतात.

दर डोसला तीन ते चार माइस पुरतात. डोसआधी एकदा, मग १५, ३०, ६०, १२० आणि १८० मिनिटांनी, आणि २४ तासांनी. आधी पिंजऱ्यात हात न लावता बघा: उभा आहे की आडवा, श्वास कसा, थरथर, अंगावरचे केस ताठ, डोळ्यांच्या पापण्या मिटलेल्या, शेपटी कशी धरली आहे. मग पांढऱ्या कागदावर सोडा: चाल, तोल, मागच्या पायांतलं अंतर, लेंड्यांची संख्या, लघवी. मग हातात: पकडीचा जोर, स्नायूंचा ताण, कानाला केसाने स्पर्श केल्यावर कान झटकतो का, डोळ्याला कापसाचा धागा लावल्यावर पापणी मिटते का, उलटा सोडल्यावर चार पायांवर सरळ होतो का. शेवटी तापमान. प्रत्येकाला ० ते ३ गुण.

चिन्हांची भाषा शिकायला वेळ लागतो, पण काही फार बोलकी आहेत. शेपटी ताठ उभी राहून पाठीवर एस आकारात वळली तर ओपिऑइड (मॉर्फिनसारखी) क्रिया आठवा. डोकं उजवी-डावीकडे झटक्याने हलत असेल तर सेरोटोनिनचा २ए ग्राहक (पेशीवरचा रिसेप्टर). पापण्या गळून अंग थंड पडत असेल तर मोनोअमाइनचा (सेरोटोनिन, डोपामिनसारख्या मेंदूतल्या रसायनांचा) साठा रिकामा करणारी किंवा अल्फा ग्राहक अडवणारी क्रिया. रॅटच्या डोळ्याभोवती, नाकाभोवती तांबडं दिसलं तर ते रक्त नसतं. डोळ्यामागच्या हार्डेरियन ग्रंथीतलं पोर्फिरिन हे रंगद्रव्य असतं, आणि त्याचा अर्थ ताण, आजार किंवा कोलिनर्जिक (असेटिलकोलिनच्या मार्गाचं) उद्दीपन. एक चिन्ह मात्र कधीच दिसणार नाही. उंदरांना उलटी होत नाही. त्यामुळे मळमळ आणणारं संयुग नुसतं भूक कमी झाली असं सांगून निसटतं. रॅटच्या पिंजऱ्यात केओलिन मातीच्या गोळ्या ठेवा आणि त्या किती खाल्ल्या ते तोला. मळमळणारा रॅट माती खातो.

थांबण्याची रेषा आधीच लिहिलेली हवी. सुरुवातीच्या वजनापेक्षा २० टक्के घट, सरळ न होता येणं, न थांबणारे झटके, स्पर्शाला प्रतिसाद नसणं. वेदना ओळखायला माऊसचा चेहरा बघा: डोळे आवळलेले, नाक आणि गाल फुगलेले, कान मागे ओढलेले, मिशांची ठेवण बदललेली. या पाच खुणांवर आधारलेलं मोजमाप २०१० पासून वापरात आहे. रेषा ओलांडली की निकालाची वाट पाहायची नाही.

या पायरीचं फळ म्हणजे एक डोस: ज्याच्या खाली प्राणी दिसायला अगदी सामान्य आहे. वर्तनाच्या चाचण्या शक्यतो त्याच्या खालीच करायच्या.

शरीरक्रिया

तापमान सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त सांगणारं. गुदमार्गातली शलाका माऊसमध्ये २ सेंमी, वंगण लावून, दर वेळी तितकीच खोल. अर्धा सेंमी कमी गेली तरी आकडा खाली येतो. नुसत्या हाताळणीने दहा-पंधरा मिनिटांत तापमान अंशभर चढतं. म्हणूनच एका पिंजऱ्यातून एकामागून एक काढलेल्या माइसमध्ये शेवटच्याचं तापमान पहिल्यापेक्षा जास्त येतं. काढण्याचा क्रम ग्रुपांत फिरवला नाही तर संयुग ज्वरकारक ठरतं.

रक्त किती काढायचं याला मर्यादा आहे. माऊसमध्ये एकूण रक्त सुमारे ७२ मिली/किग्रॅ, म्हणजे २५ ग्रॅमच्या प्राण्यात १.८ मिली. एका वेळी त्याच्या १० टक्के, म्हणजे ०.१८ मिली, आणि मग किमान दोन आठवडे विश्रांती. रॅटमध्ये ६४ मिली/किग्रॅ, २५० ग्रॅमला १६ मिली, एका वेळी १.६. कॉर्टिकोस्टेरॉन (ताणाचं संप्रेरक) मोजायचं असेल तर पिंजऱ्याला हात लागल्यापासून तीन मिनिटांत रक्त हातात हवं, नाहीतर तुम्ही स्वतःच दिलेला ताण मोजत बसता. शिवाय ते अंधार सुरू होण्याच्या सुमारास चढतं, म्हणून एक ग्रुप सकाळी आणि दुसरा संध्याकाळी हे चालत नाही. साखरेसाठी माऊसला रात्रभर उपाशी ठेवू नका. त्याचं खाणं मुख्यतः रात्रीचं असल्याने तो उपवास जवळपास उपासमारच होतो. चार ते सहा तास पुरे. आणि झायलाझिनच्या भुलीखाली काढलेल्या रक्तातली साखर वाढलेलीच येणार.

शेपटीच्या पट्ट्याने रक्तदाब घेताना शेपटी उबदार हवी आणि प्राण्याला नळीत बसायची तीन ते पाच दिवस सवय हवी. सवय नसलेल्या रॅटचा आकडा त्याच्या घाबरण्याचा असतो. संयुग हृदयावर काम करेल अशी खरी शंका असेल तर शरीरात बसवलेल्या टेलीमेट्रीला (बिनतारी आकडे पाठवणाऱ्या यंत्राला) पर्याय नाही. माऊसचे ठोके मिनिटाला ५०० ते ७००, रॅटचे ३०० ते ४००. भुलीखाली ते इतके खाली येतात की छोटा परिणाम बुडून जातो.

वर्तन

एकाच प्राण्यावर अनेक चाचण्या करायच्या तर कमी ताणाची आधी: ओपन फील्ड, मग भूलभुलय्या, मग रोटारॉड (फिरत्या दांड्यावर तोल सांभाळणं), मग वेदना, सगळ्यात शेवटी पोहणं. मध्ये किमान दोन दिवस. चाचणीच्या खोलीत प्राणी तासभर आधी आणून ठेवा. खोलीतले जुने मॉनिटर, गळका नळ, चार्जर हे आपल्याला न ऐकू येणारे उच्च स्वर काढतात, जे माऊसला स्पष्ट ऐकू येतात. दर तासाला प्रत्येक ग्रुपचा एकेक प्राणी यावा असा क्रम लावा. उपकरण ७० टक्के अल्कोहोलने पुसलं की पूर्ण वाळू द्या. ओल्या वासात सोडलेला माऊस कोपऱ्यातच बसतो.

ओपन फील्ड माऊससाठी ४० बाय ४० सेंमी, रॅटसाठी साधारण १ मीटर. निव्वळ हालचाल बघायची असेल तर ३० ते ६० मिनिटं, पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत. पहिली दहा मिनिटं नवलाईची असतात, त्यानंतर प्राणी शांत होतो. संयुगाने नवलाई वाढली की शांत होणं थांबलं, हे तुकड्यांतच दिसतं. आणि उद्दीपकाच्या मोठ्या डोसला अंतर कमी झालं तर गुंगी समजू नका. व्हिडिओ बघा: तो एकाच जागी हुंगत, मान हलवत उभा असेल.

भीतीसाठी उंचावरचा अधिक चिन्हाचा भूलभुलय्या सर्रास वापरतात. १९८५ मध्ये रॅटसाठी आणि १९८७ मध्ये माइससाठी त्याची पडताळणी झाली. मापं: माऊसला भुजा ३० बाय ५ सेंमी, बंद भुजांच्या भिंती १५ सेंमी, जमिनीपासून ४० ते ५०. रॅटला भुजा ५० बाय १०, भिंती ४०, उंची ५०. उघड्या भुजांना अर्धा सेंमीची कड लावली तर पडणं कमी होतं. लक्समीटर घेऊन दोन्ही उघड्या भुजांच्या टोकांना उजेड मोजा. एका बाजूला खिडकी असेल तर माऊस तिच्याकडची भुजा टाळतो आणि तुमच्या आकड्यांत निष्कारण फरक येतो. मध्यभागी सोडताना तोंड दर वेळी त्याच दिशेला. पाच मिनिटं. चारही पाय आत गेले तरच प्रवेश धरायचा. निरीक्षकाने खोलीबाहेर जावं.

उघड्या भुजेतला वेळ वाढला तर भीती कमी झाली, पण बंद भुजांतले प्रवेश तेवढेच राहिले तरच. तेही वाढले असतील तर प्राणी नुसता जास्त धावतोय. उघड्याचा वेळ घटला आणि बंद प्रवेशही घटले तर गुंगी. डायझेपाम १ ते २ मिग्रॅ/किग्रॅ पोटात, ३० मिनिटं आधी, हा पॉझिटिव्ह कंट्रोल. त्याहून वाढवला तर तोच गुंगी आणतो. व्हेइकलचे प्राणी उघड्यात जवळपास शून्य वेळ घालवत असतील तर उजेड कमी करा, आणि अर्धा वेळ घालवत असतील तर वाढवा. दोन्हीकडे जागा नसेल तर चाचणीला अर्थ नाही. एकदा वापरलेल्या प्राण्यावर ही चाचणी पुन्हा करू नका. पहिल्या अनुभवानंतर डायझेपामचाही परिणाम दिसेनासा होतो.

रोटारॉडवर ४ ते ४० फेरे प्रतिमिनिट, पाच मिनिटांत चढता वेग, आधी तीन दिवस सराव. दांड्याला मिठी मारून गोल फिरणारा माऊस पडला नाही म्हणून शाबास म्हणू नका. एक पूर्ण फेरी चिकटून घेतली की ते पडणंच. जड प्राणी लवकर पडतात, वजनाची नोंद आकडेमोडीत घ्या.

सक्तीने पोहण्याची चाचणी माऊसला २३ ते २५ अंशांच्या पाण्यात सहा मिनिटं, त्यातली शेवटची चार मोजतात. पाणी शेपटी तळाला लागणार नाही इतकं खोल. १९७७ पासून ती नैराश्यविरोधी औषधांसाठी वापरली गेली, पण न हलणं म्हणजे निराशाच हे आता फारसं कोणी छातीठोकपणे सांगत नाही. शक्ती वाचवायला शिकणं असाही त्याचा अर्थ लागतो. उद्दीपक इथे हमखास खोटा पास होतो, म्हणून त्याच डोसला ओपन फील्डमधली हालचाल सोबत नसेल तर निकाल कोणी मान्य करू नये. नंतर प्राण्याला टॉवेलने पुसून ऊब द्या. शेपटीला टांगायची चाचणी करायची असेल तर सी५७बीएल/६ स्वतःच्या शेपटीवर चढतो. शेपटीवर आधी छोटी प्लॅस्टिक नळी सरकवा.

गरम तव्याची वेदनाचाचणी ५५ अंशांवर, ३० सेकंदांची कमाल मर्यादा, मागचा पाय चाटला किंवा उडी मारली की लगेच उचला. गुंगीतला प्राणीही उशिरा चाटतो. अंग थंड पडलेल्या प्राण्यात शेपटी झटकायला लागणारा वेळही वाढतो. म्हणूनच वरचं तापमान आणि रोटारॉड.

स्मृतीसाठी नवी वस्तू ओळखण्याची चाचणी सोपी आणि कमी ताणाची. प्राण्याने दोन्ही वस्तू मिळून हुंगण्या-बघण्यात घालवलेला वेळ २० सेकंदांपेक्षा कमी असेल तर तो प्राणी गाळायचा, हे आधी ठरवा. मॉरिसच्या पाण्यातल्या भूलभुलय्यात (पाण्याखाली दडलेला चौथरा लक्षात ठेवून गाठायचा असतो) पोहण्याचा वेग आणि दिसणाऱ्या चौथऱ्याची फेरी सोबत हवी. चौथरा दिसत असूनही सापडत नसेल तर प्रश्न स्मृतीचा नाही.

रक्तातली पातळी आणि वेळ

वर्तनाच्या प्राण्यांपासून वेगळा एक छोटा ग्रुप ठेवा: १५, ३०, ६०, १२०, २४० मिनिटांना प्रत्येकी तीन प्राणी, प्लाझ्मा आणि मेंदू दोन्ही. मेंदूतली पातळी शिखरावर असताना चाचणी लागली पाहिजे. रक्तात भरपूर आणि मेंदूत काहीच नाही असं अनेक संयुगांचं होतं, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांतला पी-ग्लायकोप्रोटीन पंप ती बाहेर फेकतो. अशा वेळी काहीच परिणाम नाही हा निकाल लक्ष्याबद्दल (संयुगाने ज्या रेणूवर काम करायचं त्याबद्दल) काही सांगत नाही.

आकडे

कोड उघडण्याआधी गाळायचे प्राणी ठरवा आणि कारणासकट लिहा: भूलभुलय्यातून पडला, डोस त्वचेखाली गेला, कॅमेरा बंद पडला. निकाल विचित्र आला हे कारण नव्हे. सगळे डोस व्हेइकलशी ताडायला डनेट चाचणी, पॉझिटिव्ह कंट्रोल व्हेइकलशी वेगळा. मिश्र पिंजऱ्यांत पिंजरा हा यादृच्छिक घटक म्हणून प्रतिमानात घाला. माऊसच्या एका व्हिडिओतले तीनशे क्षण म्हणजे तीनशे निरीक्षणं नव्हेत, प्राणी एकच आहे. टक्केवारीचे आकडे शून्याला चिकटलेले असतात, ते कसे पसरले आहेत ते आधी बघा.

डोस वाढवत गेल्यावर परिणाम आधी चढून मग उतरला तर चढणारा भाग आणि उतरणारा भाग वेगवेगळे तपासा. उतरणीला बहुतेक वेळा तापमान, वजन किंवा रोटारॉडमध्ये उत्तर सापडतं. अहवाल लिहिताना अराईव्ह २.० (प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या अहवालासाठीची मार्गदर्शिका) ची यादी समोर ठेवा: जात, लिंग, वय, वजन, पिंजऱ्यातली संख्या, उजेडाची वेळ, व्हेइकल, क्षाराचं रूप, गाळलेले प्राणी. मग कोडसकट तोच प्रयोग नव्या प्राण्यांवर, शक्य तर दुसऱ्या जातीत, फक्त परिणामकारक डोस आणि व्हेइकल घेऊन एकदा पुन्हा करा, आणि दोन्ही वेळचे आकडे वेगवेगळे छापा.